सल्लागार महोदय, ठाकूरदेव तुमच्या कोणत्या रकान्यात बसतो?

प्रति,
खाणींचे पर्यावरण अहवाल लिहून देणारे सल्लागार महोदय,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्यासाठी तो हातून उमटत नाही, म्हणून थेट विषयावर येतो.

तुमचं नाव घेत नाही. तुम्ही एकटे नाही, आणि आज तुम्ही बसला आहात त्या खुर्चीत उद्या दुसरा कुणी बसेल. पण तुमचं काम मी चांगलं ओळखतो. गडचिरोलीतल्या कुठल्याही डोंगरावर लोहखनिजाची खाण काढायची म्हटली की अर्जासोबत एक जाडजूड बाड जोडलेलं असतं. पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल. तो तुम्ही लिहिता. खाणवाल्याला खनिज हवं असतं आणि ते तो लपवत नाही. सरकारला महसूल हवा असतो, तेही उघड आहे. नेत्यांना गडचिरोलीचं ‘स्टील हब’ करायचं आहे, ते सभासभांतून सांगतात. या सगळ्या साखळीत खरं काय ते शोधून लिहिण्यासाठी नेमलेले तुम्ही एकटेच होतात. म्हणून माझा राग बाकी कुणाच्याही आधी तुमच्यावर आहे.

तुमचं बिल कोण चुकतं करतं, हे इथल्या बहुतेक वाचकांना ठाऊक नसेल. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेने घालून दिलेल्या पद्धतीत ज्याला खाण हवी तोच तुम्हाला नेमतो, तोच पैसे देतो, आणि त्याच्या खाणीने नुकसान किती होईल ते तुम्ही त्यालाच लिहून देता. विद्यार्थ्याने खिशातून पगार देऊन स्वतःचा परीक्षक ठेवावा, तसा हा कारभार आहे. तुमच्या चमूत भूगर्भतज्ज्ञ असतो, वनस्पतितज्ज्ञ असतो, समाजशास्त्रज्ञ असतो. तुमच्या संस्थेला दिल्लीहून मान्यता मिळालेली असते आणि तिचं प्रमाणपत्र अहवालात छापलेलं असतं. शेवटच्या पानांवर सगळ्यांच्या सह्या. ‘या डोंगराला हात लावू नये’ एवढ्या एका वाक्याखाली त्यांतली एखादी तरी सही मला अजून वाचायला मिळायची आहे.

आता तुमच्या पद्धतीकडे येऊ. नकाशावर खाणपट्टा काढायचा, त्याच्याभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ मारायचं आणि एका ऋतूत हवा, पाणी, माती, आवाज, झाडं, जनावरं मोजून टाकायची. कोणता ऋतू? पावसाळा सोडून कोणताही. नियमच तसा आहे असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. पण त्या नियमापुढे एक ओळ जास्त लिहायला तुमचा हात कुणी धरला होता? भामरागडकडे पाऊस लागला की पर्लकोटा नदीला पूर येतो, पूल पाण्याखाली जातो, गावंच्या गावं तुटतात. लोहखनिजाच्या उघड्या पडलेल्या डोंगरावरून लाल माती खाली येते ती याच चार महिन्यांत. सुरजागड डोंगराच्या पायथ्याला मल्लमपाडीचे शेतकरी आपल्या शेतात उतरलेल्या लाल गाळाबद्दल ओरडून सांगत आले आहेत. रोवणी झालेल्या बांधीत हा गाळ बसला की धानाचं कोवळं रोप त्याखाली गुदमरतं. पाणी ओसरल्यावर माती वाळून तिची खपली होते, आणि पुढच्या वर्षी नांगर घालायचा तरी कशात, हा प्रश्न उरतो. हे सगळं घडतं तेव्हा तुमची यंत्रं गोळा होऊन, नमुने बाटल्यांत बंद होऊन, शहरातल्या प्रयोगशाळेत पोहोचलेले असतात. जो ऋतू नुकसान करतो नेमका तोच वगळून तुम्ही नुकसान मोजता, आणि मग ‘आघात मर्यादित’ असा निष्कर्ष काढता.

जनावरांचं परिशिष्ट हा तर तुमच्या अहवालातला मला सर्वांत जास्त सलणारा भाग. चार रकान्यांचा तक्ता असतो. अनुक्रमांक, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वन्यजीव कायद्यातली अनुसूची. मुंगूस, खार, ससा, कोल्हा, रानडुक्कर. एका ओळीला एक जनावर, रेशनच्या यादीसारखं एकाखाली एक. ते जनावर कुठून येतं, कुठल्या नाल्यावर पाणी पितं, पिलं कुठे घालतं, उन्हाळ्यात कुठल्या सावलीला बसतं, यासाठी तक्त्यात जागा नसते. वाघ किंवा अस्वल नोंदवलं तर संवर्धन आराखडा जोडावा लागतो आणि त्यासाठी पैशांची तरतूद दाखवावी लागते. तो आराखडा तुम्ही जोडता. त्यात फलक लावणं असतं, जनजागृती असते, पाणवठे बांधणं असतं. जिथे पाणवठा आहे तो डोंगर खणायचा आणि सिमेंटचा पाणवठा खाली बांधून द्यायचा, हे लिहिताना तुमच्यातल्या प्राणिशास्त्रज्ञाची लेखणी एकदाही अडत नाही का?

आणि मग ते वाक्य येतं, जे तुमच्या धंद्यात पाठ करून ठेवल्यासारखं सापडतं: काम सुरू झाल्यावर प्राणी लगतच्या जंगलात निघून जातील. कुठल्या लगतच्या? ताडोबा आणि ब्रह्मपुरीकडचे वाघ जागा अपुरी पडते म्हणून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत येतात. वडसा, आरमोरीच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत वाघाने माणसं मारली. सरपणाला गेलेली बाई, गुरं चारणारा म्हातारा, शेतावर गेलेला शेतकरी. पलीकडे इंद्रावतीच्या बाजूला हा वाघ सरकू शकतो तो याच दक्षिण गडचिरोलीच्या जंगलातून. तुम्ही ज्याला ‘लगतचं जंगल’ म्हणता तिथे एकतर दुसऱ्या खाणीचा अर्ज पडलेला असतो, नाहीतर कुणाचं तरी शेत लागतं. जनावर निघून जाईल हे तुम्ही लिहिलंत. ते कुणाच्या अंगणात जाईल हेही लिहायला हवं होतं.

हत्तींचं बघा. २०२१ च्या ऑक्टोबरात ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. वीसेक जनावरं. धानोरा, कुरखेडा, कोरची, वडसा असा त्यांचा फेरा सुरू झाला. धानाची नासाडी झाली, घरं पडली, माणसं गेली. लोकांनी रात्री जागून काढल्या आणि तरीही ज्या भागात हत्ती पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिला नव्हता, तिथे म्हाताऱ्या बायांनी त्यांना हात जोडले. हे हत्ती का आले याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. छत्तीसगड, झारखंड, ओडिशातल्या त्यांच्या जंगलांचे खाणींनी तुकडे केले. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातल्या कोळशासाठी झाडं कापली जाऊ नयेत म्हणून तिथले आदिवासी २०२१ मध्ये, हत्ती इकडे आले त्याच महिन्यात, तीनशे किलोमीटर चालत रायपूरला गेले होते. तिकडून निघालेला हत्ती इकडे आला, आणि इकडचा डोंगर तुम्ही खणायला मोकळा करून देताय. हत्ती एका ऋतूत येतो, दुसऱ्यात दिसत नाही. तुमचे लोक तीन महिने फिरले आणि हत्ती दिसला नाही, तर तक्त्यात हत्ती नाही. गावातल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तर त्याने कळप कुठून कुठे गेला ते हात दाखवून सांगितलं असतं.

महाराष्ट्रात रानम्हशी कुठे उरल्यात, हे तुमच्या प्राणितज्ज्ञाला नक्की माहीत असेल. सिरोंचा वनविभागात कोलामार्काला त्यांच्यासाठी २०१३ मध्ये राखीव क्षेत्र केलं. इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर मिळून हे थोडे प्राणी कसेबसे टिकून आहेत. नदी ओलांडणाऱ्या जनावराला तुमचं दहा किलोमीटरचं वर्तुळ दिसत नाही.

जनावरांवरून माणसांकडे येतो. तिथे तुमचा अहवाल मला जास्त लाजिरवाणा वाटतो, कारण जनावर बोलू शकत नाही, माणसं बोलत होती.

‘सामाजिक-आर्थिक’ नावाचं तुमचं एक प्रकरण असतं. त्यात लोकसंख्या, साक्षरता, पक्की घरं, शेतमजुरांची टक्केवारी. आकडे बहुतेक २०११ च्या जनगणनेतून उचललेले. त्यावरून निष्कर्ष असा की हा भाग मागासलेला आहे आणि खाण आली की त्याचं भलं होईल. माडिया गोंड हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे, कातकरी आणि कोलाम यांच्याबरोबरचा. या ओळीचा आधार घेऊन तुम्ही त्यांच्या गरिबीवर परिच्छेद लिहिता. त्यांच्या मिळकतीवर लिहीत नाही. मी सांगतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रीतून गळतात. पहाटे अंधारातच बायामाणसं टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढलं की फुलं कोमेजतात आणि गुरं, हरणं, अस्वलं आपापला वाटा घेऊन जातात. ती फुलं अंगणात वाळतात, वर्षभर पुरतात, विकलीही जातात. मे महिना तेंदूचा. भल्या सकाळी जंगलात जायचं, मोठं, निबर झालेलं आणि किडकं पान सोडून नेमकं चांगलं पान खुडायचं, दुपारी सावलीत बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळपर्यंत तो फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक गोणी. पूर्वी हा पैसा ठेकेदार आणि वनखात्याच्या हातून यायचा. वनहक्क आणि पेसा कायद्यानंतर गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, स्वतः ठेकेदाराशी भाव ठरवतात, मजुरी आणि बोनस घराघरात वाटतात. घरातलं वर्षाचं लुगडं, पोराची फी, औषधपाणी याच पैशातून निघतं. मेंढा लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ मध्ये बांबू विकण्याचा परवाना स्वतःच्या हातात घेतला, आणि देशभरची गावं ते बघायला आली. दरवर्षी येणारी, झाडाला न मारता मिळणारी, बाईच्या हातात पडणारी ही कमाई तुमच्या तक्त्यात ‘गौण वनोपज’ या दोन शब्दांत संपते. तिची बेरीज करायला तुमच्याकडे अर्थतज्ज्ञ नव्हता की वेळ नव्हता?

आणि जंगलातून फक्त पैसा येतो असंही नाही. माडियाच्या गावात नवा आंबा पिकला म्हणून कुणी लगेच तोंडाला लावत नाही. आधी पंडुम हा सण होतो, देवाला पहिला वाटा जातो, मग माणसाला. त्यामुळे कोवळी फळं झाडावर राहतात, बी पडतं, पाखरांना मिळतं. वनव्यवस्थापनाचे अभ्यासक्रम निघायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. तुमच्या वनस्पतितज्ज्ञाने आंब्याचं शास्त्रीय नाव बिनचूक लिहिलं असेल. तो आंबा अजून तिथे का उभा आहे, हे त्याला कळलेलं नाही.

सुरजागडचा डोंगर एटापल्ली तालुक्यात आहे. दर जानेवारीत तिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते. सुरजागड इलाख्यातल्या सत्तर गावांचा तो देव. पलीकडे छत्तीसगडातूनही माणसं चालत येतात. त्या देवाला शिखराचं देऊळ नाही, गाभारा नाही. डोंगर हीच त्याची जागा. आता तुमच्या अहवालात ‘धार्मिक व पुरातत्त्वीय स्थळे’ असा रकाना असतो. पंढरपूर असतं तर तुम्ही लिहिलं असतं. अजिंठा असतं तर लिहिलं असतं. कळस आणि पाटी नसलेला देव मात्र तुमच्या नजरेला दिसत नाही. म्हणून विचारतो, ठाकूरदेव तुमच्या कोणत्या रकान्यात बसतो?

सुरजागडला ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. त्यानंतर काय झालं ते तुमच्या अभ्यासाचा विषय व्हायला हवा. वर्षाला ३० लाख टनांची मंजुरी होती. ती २०२३ मध्ये १ कोटी टनांवर गेली. २०२५ मध्ये २ कोटी ६० लाख टनांवर. त्याच वर्षी हलक्या प्रतीच्या खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पासाठी भामरागड वनविभागातल्या नऊशेहून अधिक हेक्टर जंगलाला तत्त्वतः मंजुरी मिळाली, जिच्यात १ लाख २३ हजार झाडं तोडायची आहेत. शेजारच्या डोंगरांवर आणखी पट्टे लिलावात निघालेत. आलापल्ली-एटापल्लीचा रस्ता ट्रकांनी भरून जातो, धुळीने झाडांची पानं लाल होतात, अपघात झाले की गावं रस्त्यावर येऊन बसतात. प्रत्येक टप्प्यावर एक अहवाल होता. प्रत्येक अहवाल आपापल्या टप्प्यापुरता. पहिल्याला दुसरा माहीत नव्हता, दुसऱ्याला तिसऱ्याशी कर्तव्य नव्हतं. डोंगर एकच होता, पाणी एकच होतं, जनावरं तीच होती, आणि सगळ्यांचा मिळून आघात किती, हे सांगायची जबाबदारी मात्र कुणाच्याच अंगाला लागली नाही.

पर्यायी वनीकरण नावाचा तुमचा एक लाडका उपाय असतो. इथलं जंगल तोडायचं आणि त्याबदल्यात दुसऱ्या कुठल्यातरी जमिनीवर रोपं लावायची. ऐन, बिजा, मोह, तेंदू, सालई, बांबू, त्यांच्यावरच्या वेली, खालचं गवत आणि या सगळ्यांत राहणारा शेकरू, हे एका खड्ड्यात एक रोप लावून उभं राहत नाही. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी आहे. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारत जगणारा. त्याच्यासाठी मधलं एक झाड गेलं की रस्ता तुटला. हे मी तुम्हाला शिकवावं, अशी वेळ तुम्ही आणलीत.

जनसुनावणीबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ व्हावी. सुरजागडच्या विस्ताराची सुनावणी २०२२ च्या ऑक्टोबरात झाली ती गडचिरोली शहरात, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. झेंडेपारच्या डोंगरावर लोहखाण नको असं कोरची तालुक्यातल्या ग्रामसभा वर्षानुवर्षं ठराव करून सांगत आहेत. त्यांनाही बोलायला जिल्ह्याच्या ठिकाणीच यावं लागलं. सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं. ज्या डोंगरावर रोज शेकडो ट्रक सुरक्षित जाऊन येतात, तिथे एक मांडव घालून चार तास माणसांचं ऐकणं असुरक्षित कसं? आणि २०२५ च्या ऑक्टोबरात माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवल्यावर तर हे कारणही गळून पडलं.

बंदुकीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. माओवाद्यांनी या भागात आदिवासींनाही मारलं, खबऱ्या ठरवून मारलं, आणि त्याबद्दल माझ्या मनात काडीची सहानुभूती नाही. पण खाणीला विरोध करणारा गावकरी हा त्यांचाच माणूस, असा शिक्का मारून लोकांची तोंडं बंद केली गेली. २०२३ मध्ये तोडगट्टाला गावांनी खाणींविरुद्ध महिनोन्‌महिने आंदोलन केलं, ते पोलिसांनी मोडून काढलं. त्या लोकांच्या हातात ठरावाचे कागद होते. तुमच्या अहवालात सार्वजनिक हरकतींचं एक प्रकरण असतं आणि समोर कंपनीचं उत्तर. ‘हरकत: आमचा देव डोंगरावर आहे. उत्तर: सर्व नियमांचे पालन केले जाईल.’ या धाटणीच्या उत्तरांखाली सही करताना तुम्हाला प्रश्न कळलाच नव्हता, की कळूनही न कळल्यासारखं केलंत?

रत्नागिरीची गोष्ट तुमच्या पेशातल्या लोकांना आठवत असेल. २००७ मध्ये तिथल्या एका प्रस्तावित बॉक्साइट खाणीचा अहवाल लोकांनी बारकाईने वाचला, आणि कोकणातल्या पाखरांचा निवारा म्हणून त्यात स्प्रूस आणि बर्चची जंगलं निघाली. रशियातल्या एका खाणीच्या अहवालातून मजकूर जसाच्या तसा उचललेला होता. आंबा, काजू, फणसाच्या मुलखात बर्फातली झाडं उगवली आणि ती सल्लागाराच्या नजरेतून सुटली. ती चोरी पकडली ती सरकारी समितीने नव्हे, वाचणाऱ्या लोकांनी. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अर्ज फेटाळता येतो, असं तीच २००६ ची अधिसूचना सांगते. पण ते खोटं पकडायला कुणीतरी शेकडो पानं वाचावी लागतात, आणि माडिया मुलखात ती पानं इंग्रजीत जातात. सोबत मराठी सारांश असतो. जिथे मराठीही शाळेत जाऊन शिकावी लागते, तिथे हजार पानांच्या बदल्यात दहा पानं देऊन तुम्ही लोकांना माहिती दिली असं म्हणता.

लोकांना विचारायचं ठरवलं तर विचारता येतं. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण येणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं की डोंगरिया कोंध लोकांच्या ग्रामसभांनी ठरवावं, त्यात त्यांच्या देवाचाही विचार व्हावा. बारा गावं निवडली. सभा त्या गावांतच झाल्या, जिल्हा न्यायाधीशाच्या देखत. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी केंद्राने खाण नाकारली. त्या सभांमध्ये म्हाताऱ्या माणसांनी जे सांगितलं, ते एखाद्या सल्लागाराने आधी जाऊन ऐकलं असतं तर त्याच्या अहवालातही आलं असतं.

आपल्याकडचंही एक उदाहरण. चिमूरजवळचा बंदर कोळसा पट्टा २०२० मध्ये केंद्राच्या लिलावाच्या यादीत आला आणि ताडोबाच्या वाघांच्या वाटेवर आहे म्हणून ओरड झाल्यावर यादीतून काढला गेला. योग्यच झालं. पण तो वाघ ताडोबाचा होता, त्याचे फोटो काढणारे मुंबई-पुण्यात होते. एटापल्लीच्या अस्वलाची आणि भामरागडच्या माडियाची बाजू घ्यायला तसं कुणी नसतं. म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त तुम्ही होतात.

खाणीत पोरांना काम लागलंय, हे मी नाकारत नाही. गणवेश घालून पोरगा पहिला पगार घरी आणतो तेव्हा आईबापांना बरं वाटतं, आणि त्या पोराला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. काही गावांना खाण हवीही असेल. मग त्या गावांना पूर्ण हिशेब कळू द्या. नोकऱ्या किती, किती वर्षांच्या, कायम किती आणि ठेकेदारीवर किती. समोर तेंदू, मोह, बांबू, धान, मासळी, पाणी यांचं किती जाणार. दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडा. एवढं तरी तुमच्या शिक्षणाला शोभेल. एकच रकाना दाखवून मिळवलेल्या होकाराला मी होकार मानत नाही.

वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने जंगल, वन्यजीव, पाणवठे राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. माडियासारख्या समूहांना आपल्या सगळ्या मुलखावर पर्यावास हक्क मागता येतो, तेही त्याच कायद्यात आहे. तुमच्या अहवालात या कायद्याचं नाव परवानग्यांच्या यादीत येतं, ‘लागू’ किंवा ‘प्रक्रिया सुरू’ असं पुढे लिहून. ते तसं लिहिणं बंद करा.

पुढचा अहवाल लिहिण्याआधी एवढं करा. चारही ऋतू तिथे थांबा, पावसाळ्यात तर नक्की. जनावरं मोजायला गावातल्या माणसांना घेऊन जा आणि त्यांची नावं तज्ज्ञांच्या यादीत छापा. शेजारच्या सगळ्या खाणपट्ट्यांचा एकत्र आघात मोजा. देवस्थानं, पेनाच्या म्हणजे कुळदेवांच्या जागा, पंडुमच्या वाटा गावच्या पुजाऱ्याला, गायत्याला, विचारून नकाशावर लिहा, त्याने लिहू दिल्या तर. अहवालाची पूर्ण प्रत आधी गावात द्या आणि घाई करू नका. तेंदूचा हंगाम चालू असेल तर लोक जूनपर्यंत बसू शकणार नाहीत, रोवणी लागली असेल तर पोळ्यापर्यंत थांबावं लागेल. शाळा शिकलेली पोरं पान पान माडियात सांगतील. म्हातारी माणसं विचारतील, हा नाला कुठे गेला, ही अस्वलाची गुहा का नाही, इथे बांबू होता तो कुठाय. उत्तरं द्यायला तुम्ही स्वतः या, कंपनीचा जनसंपर्क अधिकारी नको. आणि सभेने नाही म्हटलं, तर ते ‘नाही’ अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा आणि त्याखाली तुमची सही करा.

तुमच्या अहवालांचा एक वाचक